तसं काही मनात नाही ना?

मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या कर्मचाऱ्यांना आत्महत्येची जोखीम कशी ओळखायची हे शिकवायला उभं राहिलं, की चहाच्या सुट्टीआधीच एक मागणी हमखास येते. ती बहुतेकदा मागच्या रांगेतून येते आणि करणारी व्यक्ती नवखी नसते. "मॅडम, थिअरी राहू द्या. एक फॉर्म द्या. प्रश्न विचारले, मार्क टाकले, बेरीज केली, की कळलं पाहिजे पेशंट करणार की नाही." बाकीचे हसतात, पण त्या हसण्यात सहमती असते. काखेत थर्मामीटर लावावा आणि पारा बघून औषध ठरवावं, तशी सोय मनाच्या बाबतीतही असणार, ती फक्त अजून आपल्या तालुक्यापर्यंत पोचलेली नाही, असं पुष्कळांना मनापासून वाटतं.

मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आहे आणि माझं बरंचसं काम विदर्भात चालतं. हॉलमध्ये समोर असतात स्टाफ नर्स, उपकेंद्रांवरचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), समुपदेशक, आशाताई, त्यांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक, आणि 'तुम्हीपण जाऊन या' म्हणून साहेबांनी आयत्या वेळी पाठवलेले अपघात विभागातले एक-दोन जण. या आयत्या वेळच्या मंडळींकडे मी जास्त लक्ष देते. औषध पिऊन आलेला माणूस सगळ्यात आधी त्यांच्यापुढेच येतो, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचंच नाव सगळ्यात शेवटी असतं.

फॉर्मची मागणी आळसातून येत नाही, भीतीतून येते. वॉर्डात किंवा डिस्चार्जनंतर काही घडलं, की पहिला प्रश्न 'त्या माणसाला काय होत होतं' हा नसतो. 'नोंद कुठे आहे' हा असतो. केसपेपर मागवला जातो, ड्युटी कोणाची होती ते विचारलं जातं, सही कोणाची ते बघितलं जातं. एका सिस्टरने सांगितलं, की अशा एका चौकशीनंतर त्यांच्या वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या पेपरवर तिन्ही पाळ्यांत 'आत्महत्येचे विचार नाहीत' अशी ओळ लिहायची पद्धतच पडली. मी विचारलं, प्रत्येकाला विचारता का मग? "पेशंट चाळीस आणि आम्ही दोघी. तुम्हीच सांगा." त्या ओळीने पेशंटचं रक्षण होत नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ती ओळ त्यांच्या स्वतःच्या रक्षणासाठी होती आणि त्यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

पण ज्या फॉर्मची मागणी होते, तो फॉर्म असूच शकत नाही. हे सांगणं माझ्या वाट्याला येतं आणि ते सांगताना हॉलमधला उत्साह उतरत जातो.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात अ‍ॅलेक्स पोकोर्नी या मनोविकारतज्ज्ञाने ४,८०० रुग्णांचा मागोवा घेतला. निदान, आधीचे प्रयत्न, दारू, घरची परिस्थिती, नाना प्रश्नावल्या असं सगळं आधी टिपून ठेवलं आणि पाच वर्षं वाट पाहिली. त्या काळात ६७ जणांनी आत्महत्या केली. मग हाताशी असलेल्या सगळ्या माहितीची उलटसुलट जुळवाजुळव करून या ६७ जणांना आधीच ओळखता आलं असतं का, ते तपासलं. नसतं आलं. यादीत शेकडो चुकीची नावं येत होती आणि खरी कित्येक नावं सुटत होती. हा निष्कर्ष १९८३ साली छापून आला. २०१७ साली पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हाही चित्र तेच होतं. जोखमीचे जे घटक आपण पाठ करतो, त्यांच्या आधारे केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा फार सरस ठरत नव्हतं.

हॉलमध्ये मी अभ्यासांची नावं घेत नाही, फळ्यावर गणित मांडते. समजा, हजार पेशंट आहेत आणि त्यातले पाच जण वर्षभरात जीव देणार आहेत. समजा, आपल्याकडे एक उत्तम फॉर्म आहे, खऱ्या फॉर्मपेक्षा कितीतरी चांगला. जीव देणाऱ्यांपैकी ८० टक्के तो पकडतो आणि न देणाऱ्यांपैकीही ८० टक्क्यांना बरोबर सोडून देतो. पाचातले चार पकडले. उरलेल्या ९९५ पैकी २० टक्के, म्हणजे १९९ जण, विनाकारण यादीत आले. आता 'हाय रिस्क'च्या यादीत २०३ नावं आहेत आणि त्यातली चार खरी आहेत. कोणती चार, ते कोणालाच माहीत नाही. पाचवा माणूस 'लो रिस्क'चा शिक्का घेऊन घरी गेला. हे गणित चौथीच्या मुलाला येईल इतकं सोपं आहे, आणि तरी दरवेळी कोणीतरी उठून फळ्याजवळ येतं आणि आकडे पुन्हा लावून बघतं.

इंग्लंडमध्ये त्यांनी याचा नाद सोडला. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच लिहिलं, की पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला प्रश्नावल्या वापरू नका, लो-मीडियम-हाय असे गट पाडू नका, आणि त्या गटांवरून कोणाला उपचार द्यायचे हे तर मुळीच ठरवू नका. त्यामागे तिथला कडू अनुभव होता. मानसिक आरोग्य सेवेतल्या पेशंटच्या आत्महत्यांची राष्ट्रीय पातळीवरची छाननी मँचेस्टर विद्यापीठात वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे पुन्हा पुन्हा दिसत होतं, की गेलेल्या बहुतेकांच्या पेपरवर शेवटच्या भेटीत 'धोका कमी' किंवा 'धोका नाही' असाच शेरा होता. आपल्याकडे मात्र लो-मीडियम-हायचे हिरवे-पिवळे-लाल चौकोन असलेले तक्ते अजून नव्याने छापले जातात. गुळगुळीत कागदावर.

एवढं झाल्यावर मागच्या रांगेतून दुसरा प्रश्न येतो, आणि त्यात राग असतो. "मग आम्ही इथे कशाला आलो? काही कळणारच नसेल, तर विचारायचं तरी कशाला?" खरं प्रशिक्षण माझ्या मते इथे सुरू होतं. कळणार नाही, हे खरं. पण आज, या क्षणी, समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे विचारता येतं आणि पुष्कळदा तो सांगतो. पुढच्या वर्षी कोण जाईल हे सांगणं आणि आजची रात्र कशी निघेल हे बघणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कोणालाच जमलेलं नाही. दुसरं शिकता येतं.

शिकवायचं कसं, तर जोड्या लावून. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं. एका जोडीचं सांगते. जिल्हा रुग्णालयातल्या एक सीनियर सिस्टर आणि एक तरुण सीएचओ. तो कर्जात बुडालेला, लेकीचं लग्न मोडलेला शेतकरी झाला होता आणि झकास झाला होता. खांदे पडलेले, हातात गुंडाळलेला टॉवेल. सिस्टरने झोप विचारली, जेवण विचारलं, बीपीच्या गोळ्या घेता का विचारलं. तोवर त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पेपरवर मान घातली, पेन टेकवलं आणि जरा घाईने विचारलं, "आणि तसं काही मनात नाही ना?" तो म्हणाला, "नाही." टिक झाली. पुढचा प्रश्न.

नंतर मी त्याला विचारलं, तू 'नाही' का म्हणालास? तुझ्या चिठ्ठीवर तर मी लिहून दिलं होतं, की रोज रात्री विचार येतात. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टरना 'नाही'च पाहिजे होतं. म्हणून देऊन टाकलं."

हे आपल्याकडचंच वैगुण्य नाही. रोझ मॅककेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ आणि पेशंट यांच्या भेटींची चित्रफीत करून हा प्रश्न नेमका कसा विचारला जातो ते पाहिलं. तीन-चतुर्थांश प्रश्न नकार गृहीत धरून विचारलेले होते, आणि असं विचारलं की पेशंट नकारच देण्याची शक्यता वाढत होती. हेही २०१७ सालचंच. अनुभवी डॉक्टरांचं हे होत असेल, तर दिवसाला शंभर केसपेपर काढणाऱ्या सिस्टरना काय बोलणार? 'हो' ऐकल्यावर जे करावं लागेल त्याची आपल्याला धास्ती असते. ती धास्ती प्रश्नात उतरते आणि समोरच्याला बरोबर ऐकू जाते.

त्याच जोडीत मग मी एका आशाताईंना बसवलं. त्या म्हणाल्या, मले तर काही येत नाही. खुर्ची त्यांनी जरा तिरकी करून घेतली, समोरासमोर नाही. "भाऊ, एवढं कर्ज डोक्यावर, त्यात पोरीचं असं झालं. अशा टायमाले कोणालेही वाटते का आता जगूच नये. तुम्हाले येते का तसं मनात? जीव द्या वाटते का?" आणि गप्प बसल्या. कागद नाही, पेन नाही. तो मुलगा नाटक करत होता तरी लगेच बोलला नाही. मग म्हणाला, "येते." आशाताई म्हणाल्या, "कधीपासून?" इथून पुढचं सगळं सरळ झालं. कोणत्या वेळी येतात, कसं करायचं हेही मनात ठरलंय का, त्यासाठी काही आणून ठेवलंय का, आधी कधी असं झालं होतं का. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रश्नावलीत सहा प्रश्न जवळपास याच पायरीने वर चढतात. नुसती मरणाची इच्छा, मग जीव द्यायचा विचार, मग पद्धत, मग इरादा, मग ठरवलेला बेत, आणि प्रत्यक्ष काही करून झालंय का. म्हणून मी प्रश्नावल्यांच्या विरोधात नाही. पुढचा प्रश्न कोणता हे न सुचल्यामुळे माणसं विषय बदलतात, तिथे छापील प्रश्न हात देतो. माझं भांडण शेवटच्या बेरजेशी आहे.

'विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरेल' ही शंका प्रत्येक बॅचमध्ये निघते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त मुलांवर हे तपासून झालं आहे. अर्ध्यांना आत्महत्येविषयी थेट विचारलं, अर्ध्यांना नाही. विचारलेल्या मुलांमध्ये त्रास किंवा तसले विचार वाढले नाहीत. उलट, आधीच खचलेल्या मुलांना थोडं हलकं वाटल्याचीच चिन्हं होती. २००५ सालची गोष्ट. शंका फिटते, पण जीभ अडखळते ती अडखळतेच. त्यासाठी तो प्रश्न मोठ्याने, पुन्हा पुन्हा, एकमेकींना विचारून तोंडात बसवावा लागतो. सुरुवातीला हॉलमध्ये हशा होतो, मग आवाज खाली येतात. कोणीतरी बाहेर जाऊन तोंड धुऊन येतं. अशा हॉलमध्ये घरात कोणी गेलेलं नाही असं फारसं होत नाही. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. त्यातल्या काही घरच्या बायका प्रशिक्षणाला आलेल्या असतात, हे प्रशिक्षकाने धरूनच चालावं.

परदेशी पुस्तकांत 'पेशंटशी एकांतात बोला' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. आमच्या ओपीडीत एकांत कुठून आणायचा? पेशंट बाई, तिची सासू, नवरा, दिराचा मुलगा आणि दारात डोकावणारा पुढचा नंबर. 'तुम्ही बाहेर थांबा' म्हटलं, की सासूला संशय येतो आणि घरी गेल्यावर त्या बाईची उलटतपासणी होते. यावर उपाय एका नर्सनेच काढला आणि आता मी तो सगळीकडे सांगत फिरते. ती म्हणते, "यांचं बीपी आणि वजन घेऊन येते," आणि बाईला आतल्या खोलीत नेते. बीपी मोजायला कोणी हरकत घेत नाही. पट्टा दंडाला बांधायचा आणि विचारायचं. दोघींचं लक्ष पाऱ्याकडे असतं, डोळ्यांत बघावं लागत नाही, ही वरची सोय.

दुसरी अडचण पोलिसांची. 'हो म्हटलं तर केस होईल' ही भीती पेशंटला असते, नातेवाइकांना असते आणि आमच्या माणसांनाही असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं कलम २२६ तेवढं आहे. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद होते, पोलीस जबाब घेतात, पण म्हणून आयुष्यातून उठवणारी केस होत नाही. हे सांगितल्यावर अपघात विभागातले ते आयत्या वेळचे पाहुणे पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहून घेतात. प्रयत्न करून आलेल्या पोरीला 'आता जेलात जाशील' असं दरडावणं ही शिस्त नसून बेकायदा बडबड आहे, एवढं त्या दिवशी रुजलं तरी प्रशिक्षणाचा खर्च वसूल.

'हो' आलं तर पुढे काय? बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकेतल्या दोघांनी एक साधा आराखडा तयार केला आहे. पेशंटबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत लिहायचा. विचार चढायला लागले की मला कसं कळतं. तेव्हा मी एकटा काय करू शकतो. कुठे जाऊन बसलो, कोणाबरोबर असलो, की मन दुसरीकडे जातं. मदत कोणाकडे मागेन. डॉक्टरचा, हेल्पलाइनचा नंबर. आणि घरात जे धोक्याचं आहे ते माझ्या हाताबाहेर कसं ठेवायचं. हा आराखडा आणि नंतरचे फोन मिळालेल्या पेशंटमध्ये पुढच्या सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या मुद्द्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण फवारणीचं औषध घरातच असतं. खाटेखाली, माळ्यावर, गोठ्यात. तमिळनाडूत लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावात मिळून एकच साठवणघर करून प्रत्येकाला कुलूपबंद खण देऊन पाहिला. श्रीलंकेने तर अतिविषारी कीटकनाशकांवरच टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. झटका ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं, ही गोष्ट समुपदेशनाइतकीच, कधी त्याहून जास्त काम करते.

पण किल्ली कोणाकडे द्यायची? नवऱ्याकडे, म्हणजे ज्याच्या दारूपायी हे सगळं चाललंय त्याच्याकडे? सासूकडे? एका गटाने यावर अर्धा तास वाद घातला आणि शेवटी उत्तर आलं, शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेकडे. बाटली नवऱ्याची, कुलूप घरचं, किल्ली परक्या बाईकडे. पुस्तकात असलं काही सापडत नाही. ते त्या गावातल्या माणसालाच सुचतं, म्हणून आराखडा लिहिताना प्रशिक्षकाने तोंड बंद ठेवलेलं बरं.

हे काम गावातल्या साध्या माणसांना जमतं का, अशी शंका वरच्या टेबलांवरून येते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक हाच कणा होता. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार असल्याचं सांगणाऱ्यांचं ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक गावात पोचणार नाही, हे आता नव्याने सांगायची गरज नाही. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही. तो मी प्रत्येकीला मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावते. 'पेशंटसाठी' असं म्हणत नाही, नुसतं सेव्ह करा म्हणते. आपल्या हातून सुटलेल्या पेशंटचा विचार करत नाइट ड्युटी काढणाऱ्या सिस्टरशी बोलायला कोणीच नसतं. तिच्या वाट्याला येते ती फक्त चौकशी.

वॉर्डातून सुट्टी झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच आमचे हात सुटतात. बस वेळेवर नाही, मजुरी बुडते, गोळ्या संपतात. फॉलोअपचा फोन कोण करणार यावर सगळ्या प्रशिक्षणांत गाडी अडते. वॉर्ड म्हणतो समुपदेशकाने करावा, समुपदेशक म्हणतो माझ्याकडे अख्खा जिल्हा आहे. मागच्या एका बॅचमध्ये एक आशाताई उठल्या आणि म्हणाल्या, "लसीकरणाच्या दिवशी मी घरोघर जातेच. सुट्टी झालेल्याचं नाव मले कळवा फक्त. पाणी प्यायच्या निमित्तानं बसीन." गटप्रवर्तकांनी लगेच माना हलवल्या. मग त्यांच्यातल्या एकीने मोबदल्याची यादी काढली, कारण आशांना कितीतरी कामांचे पैसे कामागणिक मिळतात. आशा घरोघर जाऊन आजारांच्या जोखमीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत, पण तो फॉर्म तिशीच्या पुढच्यांचा, आणि देशाच्या नोंदीत सर्वात जास्त आत्महत्या १८ ते ३० वयोगटातल्या. यादी वरून खाली दोनदा वाचून झाली. सुट्टी झालेल्या माणसाच्या घरी जाऊन पाणी पिण्याला त्यात सदर नव्हतं. आशाताई म्हणाल्या, ते तुम्ही बघा, नाव तेवढं कळवा. नावं जायला लागली आहेत. पैशांचं पत्र वर पाठवलं आहे.